आधी भुईकाटा, मग फर्निचर

शिरूरच्या अलीकडे नगर रस्त्याला एक भुईकाटा आहे, अख्खी गाडी तोलायचा. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी आम्ही आमची राहायची गाडी घेऊन तिथे कांद्याच्या ट्रकांमागे रांगेत उभे होतो. काट्यावरच्या पोराने पावती फाडताना विचारलं, "काकू, माल काय आहे?" ह्यांनी ड्रायव्हरच्या खिडकीतून उत्तर दिलं, "संसार." पोरगा हसला, पण हे हसले नाहीत. ह्यांनी त्याला विनंती केली, "दादा, आधी फक्त पुढची चाकं घेऊ, मग मागची, मग पूर्ण गाडी. तीन पावत्यांचे पैसे घे."

तिन्ही आकडे हातात आल्यावर हे गाडीच्या चॅसीवरची, परवानगीचं वजन लिहिलेली पट्टी बघायला वाकले. मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, परवानगीपेक्षा १९० किलो जास्त भार होता, पुढचा एक्सल मात्र ६० किलोंनी हलका. टाकी पाण्याने भरलेली, डब्यांत किराणा भरलेला, कपाटात कपडे, म्हणजे आम्ही राहायला निघणार तशीच ती गाडी होती. बारा दिवसांनी निघायचं ठरलं होतं. ते रद्द झालं आणि आम्ही आतलं निम्मं काम उचकटलं.

गेले चौदा महिने आम्ही दोघं या गाडीत राहतो. फ्लॅट भाड्याने दिला आहे. हे एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मी शाळेतून. "आम्हालाही असं राहायचंय, कोणती गाडी घ्यावी, आत काय काय करावं?" असे फोन येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

गाडी आम्ही फोर्सची ट्रॅव्हलर घेतली. १९८७ साली ती आली तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं, म्हणून लोक अजूनही तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनवर बेतलेली ही गाडी. ह्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं: राहायची गाडी अशी हवी की ती बंद पडली तर तालुक्याच्या गावात दुरुस्त झाली पाहिजे. शाळेच्या बस, लग्नाच्या गाड्या, १०८ ची अँब्युलन्स, सगळीकडे हीच गाडी. त्यामुळे तिचा क्लच, बेल्ट, फिल्टर ठाऊक नसलेला मेस्त्री आम्हाला अजून भेटलेला नाही. परदेशी व्हॅनचे देखणे व्हिडिओ मीही रात्र रात्र पाहिले, पण त्यांचा एक सेन्सर गेला तर अकोल्यात आठ दिवस वाट बघत बसायचं कोणी?

डिझेलच का, हेही विचारतात. कुंभार्ली घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते, ती डिझेलला कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या ताकदीमुळे. शिवाय रात्री गाडी गरम ठेवणारा हीटर त्याच टाकीतून घोट घोट डिझेल पितो, वेगळं इंधन बाळगावं लागत नाही. मात्र बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाडीचं एक पथ्य आहे. बॅटरी भरायला म्हणून गाडी उभी करून तासन् तास इंजिन घरघरवत ठेवू नका. एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते, आणि ती जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर नीट पळावी लागते. आम्ही आठवड्यातून एकदा तरी तासभर सलग हायवेला काढतो.

लांबीवरून घरात बराच वाद झाला. ३३५०, ३७०० आणि ४०२० मिलिमीटर असे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधली अंतरं, पाहिले. मला सगळ्यात मोठी हवी होती. तेव्हा ह्यांनी फ्लॅटच्या हॉलमध्ये फरशीवर खडूने आतलं माप आखलं, पलंग, ओटा, संडास, दार, सगळं. चार दिवस आम्ही त्या चौकटीत राहिलो. मी पोळ्या करत असताना ह्यांना बाथरूमला जायचं असेल तर कोणी कुठे सरकायचं, ओला टॉवेल कुठे वाळायचा, एकाला झोप आली आणि दुसऱ्याला वाचायचं असेल तर दिवा कुठे हवा, हे त्या चार दिवसांत कळलं. मधला ३७०० पुरेल असं मलाच पटलं. कोकणातल्या वाड्यांच्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असतात तिथे, आज त्या निर्णयाबद्दल रोज बरं वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण ते हलक्यात घेऊ नका. जुनी स्कूल बस स्वस्तात घेऊन सुताराकडून पलंग ठोकून घेतला की झालं, असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार करता येत नाहीत. कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाडीसाठी, एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या कन्व्हर्टरकडूनच, म्हणजे गाडीचं घर करून देणाऱ्याकडूनच, मुख्य रचना करून घ्या आणि आरसीवर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन अशी नोंद करून घ्या. नंबरप्लेट पांढरी राहते. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असल्यामुळे कारचं साधं लायसन्स चालतं, म्हणून मीही चालवते. एकाच परराज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची असेल तर तिथे पुन्हा नोंदणी लागते, तेवढं लक्षात असू द्या.

आता त्या १९० किलोंकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

कन्व्हर्टरकडून आम्ही इन्सुलेशन, पलंग, सीट, टाक्या आणि वायरिंग एवढंच करून घेतलं होतं. ओटा, कपाटं आणि वरचे कप्पे घरच्यासारखे हवेत म्हणून ते काम एका फर्निचरवाल्याला दिलं. त्याने फ्लॅटमध्ये करतात तसंच केलं: १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणि ओट्यावर ग्रॅनाइट. ग्रॅनाइट मीच मागितला होता. काम सुरेख झालं होतं, फटीत नखसुद्धा जात नव्हतं. पण आठ बाय चारचा असा एक प्लाय साधारण ३५ किलो भरतो, आणि त्याने नऊ लावले होते. ग्रॅनाइटचा सहा फुटी तुकडा पन्नास किलोंच्या पुढे. भिंतीत ठोकलेल्या घराला हे वजन कळतही नाही. गाडी मात्र ते प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक चढाला आणि प्रत्येक खड्ड्यात वाहते.

त्यात १६० लिटरची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली होती, कारण तिथे जागा रिकामी दिसत होती. रात्री जेवताना ह्यांनी पट्टी आणि पेन घेऊन मला दाखवलं. पेनावर पट्टी तोलून धरली आणि बाहेर आलेल्या टोकावर खोडरबर ठेवला. दुसरं टोक वर उचललं गेलं. मागच्या एक्सलच्या पलीकडे ठेवलेलं ओझं मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनाहून जास्त पडतं आणि पुढची चाकं हलकी करतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, आणि पावसात उतारावर ब्रेक लावताना तेच नडतं. "एसटीत मागच्या टपावर पोती टाकली की ड्रायव्हर ओरडायचे ते उगाच नाही," हे म्हणाले.

मग टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये आणली, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून आत पडदे असलेली घेतली. प्लायवूड काढून अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचा सांगाडा केला, त्यावर ६ मिलिमीटरच्या पातळ फळ्या. ग्रॅनाइट गेला, हलक्या फळीवर स्टीलचा पत्रा आला. एका फुकट गेलेल्या कामाचे पैसे गेले आणि सव्वा महिना गेला. शिवाय माझ्या हातून काही वस्तू खाली उतरल्या: पाच किलोंचा लोखंडी खलबत्ता, पितळी घंगाळ, पुस्तकांची एक अख्खी पेटी. सगळं लेकीकडे हुबळीला पाठवलं. खलबत्ता आईचा होता.

वजनाचा हाच हिशेब बॅटरीलाही लागू होतो. इन्व्हर्टरच्या दीडशे अॅम्पिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून सव्वादोनशे किलो होतात, त्यांतली निम्मीच वीज वापरायची असते, आणि झोपायच्या जागेत अॅसिडच्या वाफा नकोत. आम्ही ३०० अॅम्पिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घेतली, पस्तीस किलोंची. १२.८ व्होल्ट गुणिले ३०० म्हणजे ३,८४० वॉट-तास, साधारण ३.८ युनिट. टपावर प्रत्येकी ४०० वॉटचे दोन सोलर पॅनेल आहेत. स्वच्छ उन्हात दिवसाला तीन युनिटांच्या वर देतात, जुलैत महाबळेश्वरला एकाच्याही खाली आले. आणखी एक आधार गाडीच्या अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा. पण लिथियम बॅटरी थेट त्याला जोडू नका. ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घेतला. तो, पंखे आणि दिवे यांना एवढी वीज भरपूर झाली. पाऊण टनाचा एसी मात्र चार-पाच तासांत सगळी बॅटरी पितो. मे महिन्यात चंद्रपूरला हे दोन दिवसांत कळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही उंचावर जातो, चाकं आहेत ती त्यासाठीच. इन्सुलेशनला ग्लासवूल वापरू नका, कोकणातल्या दमट हवेत ते ओल धरतं. आमच्याकडे बंद पेशींचं, ओल न शिरणारं नायट्राइल रबर आहे.

स्वयंपाकाला दोन्ही ठेवलं आहे. ऊन असलं की इंडक्शनवर कुकर. पण भाकरीला जाळ लागतो. तव्यावर एक बाजू होऊन ती आचेवर टाकली की टम्म फुगते, ते इंडक्शनवर होत नाही, आणि भाकरीशिवाय आमचं जेवण होत नाही. म्हणून पाच किलोंचा छोटा सिलेंडर आहे. त्याचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेला, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. हे भोक आहे की नाही ते स्वतः वाकून बघा.

पाण्याबद्दल आम्ही सगळ्यात जास्त शिकलो. शॉवर बसवला होता, तो महिन्याभरात काढला. बादलीत आठ लिटर, त्यात गॅसवर तापवलेलं चार लिटर, आणि तांब्या. माणूस स्वच्छ निघतो आणि पाणी किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. दोघांचं दिवसाचं सगळं मिळून पस्तीस-चाळीस लिटर लागतं, म्हणजे टाकी चार दिवस पुरते. संडास कॅसेटचा आहे, म्हणजे खालची पेटी ओढून काढता येते असा, तिसऱ्या दिवशी रिकामा करावा लागतो. आम्ही तो फक्त संडासातच रिकामा करतो, पंपावर किंवा सुलभमध्ये, आधी विचारून आणि नंतर जागा धुऊन. रासायनिक औषध घालत नाही. ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि ती टाकी दुसऱ्या कोणाची तरी असते. रानात, ओढ्याच्या काठी ओतून जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे उद्या गावकरी कुठल्याच गाडीला थांबू देणार नाहीत, आणि ते त्यांचं बरोबर असेल.

थंडीचं एक राहिलं. ऑक्टोबरअखेर लेहला हीटर धूर ओकायला लागला. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, डिझेल तेवढंच, त्यामुळे काजळी. उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारी सोय असलेलाच हीटर घ्या. त्याचा धूर फरशीखालून बाहेर न्या आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होऊ देऊ नका, आमची म्हणूनच पलंगाखाली, आतल्या उबेत आहे. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत दाट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं आहे, पण इंजिनच्या टाकीत आधीचं मैदानी डिझेल काठोकाठ भरलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. वर जाताना टाकी रिकामी करत जा.

दर दोन महिन्यांनी आम्ही कुठल्यातरी भुईकाट्यावर जातो. वस्तू कधी वाढतात ते कळत नाही: कोणी दिलेली लोणच्याची बरणी, जास्तीचं पांघरूण, बाजारात आवडलेला माठ. गेल्या आठवड्यात धारवाडच्या बाहेर वजन केलं. टाकी भरलेली, किराणा भरलेला, आणि मागच्या एक्सलवर ४५ किलो शिल्लक. ह्यांनी पावती माझ्याकडे दिली आणि गाडी हुबळीकडे वळवली.

खलबत्ता आता ओट्याखाली आहे, दोन्ही एक्सलच्या मध्ये, रबरी पट्ट्याने बांधलेला. लेकीच्या अंगणातून निघायच्या आधी मी त्यात लसूण, सुकं खोबरं आणि लाल मिरची कुटली. पुढच्या मुक्कामापर्यंत गाडीभर तो वास होता.