मु. पो. सीडीडी$टॉप

लहानपणी पत्रावर पत्ता घालायचा तो असा: मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे. आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. पोस्टातले लोक मात्र तो खालून वर वाचायचे. पत्र आधी जिल्ह्याला पोचायचं, गावाचं नाव त्यांना शेवटी लागायचं.

पुढे नोकरीत डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हॅक्स संगणक समोर आला आणि त्याच्या कॉमन डेटा डिक्शनरीत, म्हणजे सीडीडीत, हाच पत्ता उलटा भेटला. डिक्शनरी म्हटलं तरी शब्दांचे अर्थ तिथे नसत. कर्मचाऱ्याच्या नोंदीत कोणते रकाने, प्रत्येक किती अक्षरांचा, अशी वर्णनं असत. ती सगळी एका झाडाला टांगलेली. झाडाचं मूळ सीडीडी$टॉप, तिथून टिंब देत देत खाली उतरायचं: सीडीडी$टॉप.पर्सोनेल.एम्प्लॉईज. 'एम्प्लॉईज' दुसऱ्या फांदीवरही असू शके. वाडीत चार बाळू असतात, कोणाचा बाळू ते सांगितलं की भागतं.

पण एवढं लांबलचक नाव रोज कोण लिहिणार? म्हणून 'डिफॉल्ट', म्हणजे आपण कुठल्या फांदीवर उभे आहोत ते, ठरवून ठेवायचं आणि पुढचं तेवढंच बोलायचं. "वरच्या फळीवरचा डबा दे" म्हणताना आई कुठे घराचा नंबर सांगायची?

मी एकदा चाचणीसाठी केलेली 'एम्प्लॉईज'ची नक्कल पुसायला बसलो. नुसतं 'एम्प्लॉईज' लिहिलं. डिफॉल्ट सकाळपासून पर्सोनेलवरच होतं. साहेब आले, स्क्रीनकडे पाहिलं, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तू उभा कुठे होतास?" संध्याकाळी बॅकअपच्या टेपवरून अस्सल नोंद परत आली. तेव्हापासून काही पुसायचं झालं की आधी 'शो डिफॉल्ट' ही आज्ञा देऊन कुठे उभा आहे ते बघायचं.

टिंबाच्या जागी काय वापरायचं यावरही प्रत्येक संगणकप्रणालीची वेगळी तऱ्हा. मल्टिक्समध्ये 'पेक्षा मोठं'ची खूण, युनिक्समध्ये तिरकी रेघ. १९८३च्या डॉस २.० मध्ये ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच अडकलेली, म्हणून उलटी रेघ आली. ती विंडोजमध्ये अजून आहे. भाडेकरू घर सोडत नाही म्हणून मालकाने मागच्या दाराने ये-जा करावी, तसं.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, खालीच उभा आहे, या."

"कुठल्या बिल्डिंगच्या खाली?"

तो हसला. मी मात्र उत्तर येईपर्यंत चप्पल घातली नाही.