वाचनालयाच्या किल्ल्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि सगळ्यात आधी आठवल्या त्या नववी ‘ब’च्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्या वेळच्या सगळ्यांसाठी त्या नुसत्या ‘बाई’च होत्या.

त्या वर्षी समाजाच्या सभेत उभं राहून मी धर्माची प्रतिज्ञा घ्यावी, असं ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी घरी एवढंच म्हणालो, “मला अजून तसं मनातून वाटत नाही, मग म्हणू कसं?” वडील ओरडले नाहीत; ताटावरून उठून गेले. आई म्हणाली, “आता आम्ही चार लोकांत कसं वावरायचं?” आठवड्याभरात समाजातली मुलं माझ्या बाकावर बसेनाशी झाली. मधली सुट्टी नको वाटू लागली.

बाईंनी चौकशी केली नाही. वाचनालयाच्या किल्ल्या हातात ठेवून म्हणाल्या, “पुस्तकांची यादी करायची आहे. रोज सुट्टीत ये.” मी वर्षभर यादी करत होतो. शेवटी शेवटी कपाटाच्या तळाशी मला जुनी वही सापडली. सगळी यादी त्यात बाईंच्याच अक्षरात आधीपासून लिहिलेली होती.

एकदा त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. मी दाराबाहेर उभा होतो. “तो देवाला नाही म्हणत नाही हो,” बाई म्हणाल्या, “देवापुढे खोटं बोलायला घाबरतोय.” बाई स्वतः अतिशय श्रद्धाळू होत्या, म्हणूनच वडिलांनी ऐकून घेतलं असावं. त्या रात्री ते माझ्या शेजारी जेवायला बसले.

आज मी मुलांचा समुपदेशक आहे. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या १४व्या कलमात मुलाचं विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य मान्य केलं आहे. आईवडिलांनी मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे वाट दाखवावी, असंही म्हटलं आहे. माझ्यासमोर बसलेल्या पालकांना मी ते वाचून दाखवतो, तेव्हा कानात आवाज बाईंचा असतो. त्यांनी मला किल्ल्या दिल्या, तेव्हा हा करार झालाही नव्हता.

वाचनालयाच्या जागी आता संगणककक्ष आहे असं कळलं. ती कपाटं कुठे गेली, कोणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. दहावीच्या निरोपसमारंभात मी किल्ल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि काही न बोलता निघून आलो. ती जुनी वही मला सापडली होती, हेही त्यांना सांगायचं राहून गेलं.