कढत पाणी आणि कोरडा नाला

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असा निरोप आला आणि मला शाळेची इमारत आठवण्याआधी आठवला तो पौषातला एक रविवार. साल १९८४. मी नववीत होतो, वसतिगृहात राहायचो.

आदल्या दिवशी भूगोलाच्या तासाला सरांनी विचारले, "उनपदेवला, गरम पाण्याच्या झऱ्यावर, कोण कोण जाऊन आलंय?" निम्म्या वर्गाचे हात वर. "मग पाणी गरम कशानं होतं?" सगळे हात खाली. सरांनी उत्तर दिलेच नाही, पुढचा धडा उघडला.

रेक्टरांची परवानगी काढून आम्ही चौघे भाड्याच्या सायकलींवर निघालो. चोपड्याहून यावल रस्त्याने अडावद आणि तिथून उत्तरेला, सातपुड्याच्या रोखाने. थंडीने बोटे हँडलवरच आखडली होती. केळीचे मळे मागे पडले, काळी माती संपली आणि चाकाखाली गोटे करकरू लागले. वाटेत एका नाल्याशी पाणी प्यायला उतरलो, तर पात्र कोरडे ठणठणीत! पाणी शोधत पात्रातून थोडे वर चढलो, तिथे बारीक धार वाहत होती. ती गोट्यांत शिरत होती ती जागा आम्ही वाकून पाहिली. वीतभर पुढे वाळू ओली, त्यापुढे तीही नाही.

उनपदेवला पौषामुळे गर्दी होती. अंगावरची खरूज-नायटा जावा म्हणून दुरून आलेली माणसे, सातपुड्यातली पावरा कुटुंबे, कडेवर पोरे घेतलेल्या बाया. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले, ही कथा आजीकडून ऐकलेली होतीच. गोमुखातून धार पडत होती आणि गार हवेत तिची वाफ वर चढत होती. मी धारेखाली हात धरून आकडे मोजू लागलो. "सबूर रे भो!" शेजारचे म्हातारबाबा ओरडले. पाचाच्या पुढे काही जाता आले नाही. तळवा लालबुंद झाला. मग कुंडाच्या काठावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. इतकी चवदार भाकरी पुन्हा मिळाली नाही. सुनपदेव आणि निझरदेव हे याच डोंगरातले दुसरे दोन झरे पाहायचे राहिले, ऊन कलले होते.

सोमवारी सरांना नाल्याचे सांगितले, तेव्हा ते गरम पाण्यापेक्षा त्यावर जास्त खूश झाले. फळ्यावर त्यांनी सातपुडा काढला, पायथ्याशी एक तिरपी रेघ ओढली. म्हणाले, इथे खडकाला मोठा भ्रंश आहे, म्हणजे खडक तडकून एका बाजूला सरकलेला आहे. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही, आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पण जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. भेगांतून खोल गेलेले पावसाचे पाणी तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. गार पाणी पोटात घेणारा आणि कढत पाणी परत देणारा डोंगर एकच, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच.

पुढे मी भूजल सर्वेक्षणाच्याच कामाला लागलो. पायथ्याच्या त्या गोट्यांच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात, हे तिथे शिकलो. केळीपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी जमिनीत शिरते ती तोंडे याच पट्ट्यात. यावल-रावेरकडे बोअर शेकडो फूट खाली गेलेले बघतो, तेव्हा जीव तुटतो. उपसा आपण केला, तोंडे मात्र सांभाळली नाहीत. पात्रातले गोटे, वाळू काढून नेली की तिथे उरतो गाळ, आणि गाळातून पाणी मुरत नाही.

मुलांनो, पौषात उनपदेवला जालच. जाताना नाल्याशी आधी उतरा. धार कुठे दिसेनाशी होते ती जागा बघा, आणि सोमवारी वर्गात सांगा.