वजन उतरवताना लाल भोपळा: माझा अनुभव

वजन कमी करायचं ठरवलं आणि लाल भोपळ्याबद्दल दोन अगदी उलट सल्ले कानावर आले. एक म्हणे, "गोड असतो, हातही लावू नकोस." दुसरा म्हणे, "रोज खा, चरबी वितळते." दोघंही आपुलकीनेच सांगत होते. पण भोपळा मला मनापासून आवडतो, आणि आवडीची भाजी सोडायची तर त्याला तसंच कारण हवं. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंना पहिल्याच भेटीत विचारलं. त्यांनी हो किंवा नाही असं काहीच सांगितलं नाही. म्हणाल्या, "घरी जाऊन आधी तोलून बघा."

साल आणि बिया काढून फोडी केल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. २०० ग्रॅम म्हणजे चांगला मोठा वाडगा शिगोशीग भरला. एवढ्या कच्च्या फोडींमध्ये कॅलरी साधारण ५२. म्हणजे १०० ग्रॅमला २६. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या बटाट्यात ८७ च्या आसपास आणि शिजलेल्या भातात १३० च्या आसपास असतात. वाडगा समोर ठेवून हे आकडे वाचले तेव्हा पहिल्या सल्ल्याचा धाक संपला.

गोडीचं म्हणाल तर १०० ग्रॅम भोपळ्यात एकूण कर्बोदकं साडेसहा ग्रॅम, आणि त्यातली साखर तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही. तरी एक शंका उरतेच. भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचा आकडा, ७५ च्या आसपास दिलेला असतो, आणि हा आकडा मोठा आहे. तो वाचूनच पुष्कळ जण भोपळा बंद करतात. मला वाटतं इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. हा इंडेक्स काढताना साधारणपणे त्या पदार्थातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतकी मात्रा धरतात. भोपळ्यातून तेवढी मिळवायची तर पाऊण किलोहून जास्त खावा लागेल, आणि एका बैठकीत तेवढा कोणी खात नाही. प्रत्यक्ष ताटातल्या मात्रेचा हिशेब करणारा ग्लायसेमिक लोड २०० ग्रॅमला नऊच्या आसपास येतो. १० पर्यंतचा लोड कमी मानतात. अर्थात मधुमेहाची औषधं चालू असतील त्यांनी भोपळ्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर त्यांनीही विचारावं, कारण १०० ग्रॅम भोपळ्यात ते ३४० मिलिग्रॅम असतं.

दुसरा सल्ला, चरबी वितळण्याचा, मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. कुठलीही भाजी चरबी वितळवत नाही. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तरच वजन उतरतं. मग भोपळ्याचा उपयोग काय? तो ताटात कशाच्या जागी येतो, यावर सगळं अवलंबून आहे. नेहमीच्या जेवणात काही कमी न करता वरून खाल्ला तर कॅलरींची भरच. मी रात्रीच्या जेवणातला भात निम्मा केला आणि त्या जागी वाफवलेला भोपळा घेतला. ताट पहिल्याइतकंच भरलेलं दिसायचं, चावायला भरपूर असायचं, आणि उपाशी उठल्यासारखं वाटायचं नाही. भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, पोट भरतं ते मुख्यतः त्याने. फायबरसाठी खा असं सगळीकडे म्हणतात, पण उकडलेल्या भोपळ्यात ते १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास असतं. ते वाईट नाही, पण त्याच्या जोरावर दिवसभराची गरज भागणार नाही.

नुसत्या भोपळ्यावर रात्र मात्र निघत नाही. जेवण उरकून दोनेक तास झाले की भूक पुन्हा डोकं वर काढायची. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच प्रथिनांकडे बोट दाखवलं: भोपळ्यात ती १०० ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम. मग सोबत उकडलेली कडधान्यं किंवा अंडी सुरू केली आणि झोपेपर्यंत फडताळाकडे जाणं थांबलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत कामाचा बदल हाच होता.

तेलाचं माप बाईंनी सुरुवातीपासून चमच्याने घ्यायला लावलं होतं. जेवणाच्या मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, म्हणजे त्या अख्ख्या वाडग्यातल्या भोपळ्याच्या दुपटीहून जास्त. बाटलीतून सरळ कढईत ओतलं तर असे दोन-तीन चमचे कधी पडले ते कळतही नाही. तेल पार काढूनही टाकू नये. भोपळ्याचा केशरी रंग ज्यामुळे येतो ते बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. मी लहान चमचाभर तेल घेते, फोडी पसरट भांड्यात एका थरात लावते आणि न ढवळता एक बाजू खरपूस होऊ देते. कडा तपकिरी झाल्या की भोपळा इतका गोड लागतो की वर काही घालावंसं वाटत नाही. मीठ आणि भरपूर मिरी, बस. साखर किंवा गूळ घालून शिजवला, सूपमध्ये साय ओतली, की मग तो हलका पदार्थ राहत नाही. सणासुदीला जरूर खावा, पण वजनाच्या खात्यात भाजी म्हणून मांडू नये.

बियांचं गणित तर पूर्ण वेगळं. वाळवलेल्या सोललेल्या बियांमध्ये १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. प्रथिनं ३० ग्रॅम आणि मॅग्नेशियमही भरपूर, म्हणून मी त्या सोडल्या नाहीत. पण डबा जवळ घेऊन बसत नाही. चमचाभर मोजून जेवणावर भुरभुरते.

वजन सावकाश उतरलं. बहुतेक आठवड्यांत थोडंथोडं, काही आठवड्यांत काटा हललाही नाही. चालणं वाढवलं होतं, रात्रीचं जेवण लवकर होत होतं, त्यामुळे श्रेय एकट्या भोपळ्याला देणं बरोबर होणार नाही. त्याने एवढं केलं की कमी कॅलरीचं जेवण मला शिक्षा वाटलं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं.

मधे तळहात पिवळसर दिसायला लागले तेव्हा घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. कावीळ असती तर तोही पिवळा दिसला असता. तो स्वच्छ होता. भोपळा आणि गाजर दोन्ही रोज पोटात जात होती, त्यातल्या कॅरोटीनचा रंग त्वचेत उतरला होता. यात अपाय काही नाही, प्रमाण कमी केलं की रंग हळूहळू जातो, असं त्यांनी समजावलं. तेव्हापासून भोपळा एक दिवसाआड करते, आणि मधल्या दिवशी दुधी किंवा कोबी.