वीस लाखांची पॉलिसी, बत्तीस लाखांचा माल

बार्शीच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानाला पहाटे आग लागल्याची सूचना विमा कंपनीकडून मला मिळाली, तेव्हा एप्रिल महिना होता आणि लग्नसराई ऐन भरात होती. मी परवानाधारक सर्व्हेअर आहे. आगीत नुकसान किती झाले आणि पॉलिसीच्या अटींनुसार त्यातले किती देय ठरते, याचा अहवाल देणे हे माझे काम. दुपारी सोलापूरहून पोहोचलो तोवर आग विझली होती, पोलिसांचा पंचनामा चालू होता आणि दुकानदाराचा मुलगा दोन हमालांना घेऊन जळका माल टेम्पोत भरायला निघाला होता. मी त्याला आधी थांबवले. कंपनीच्या पाहणीआधी माल हलवला, तर नुकसानीचा सर्वांत मोठा पुरावाच हातचा जातो. पण रात्रभर आगीशी झुंजलेल्या माणसाला हे सुचत नाही आणि त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही.

कापडाचे तागे घट्ट रचलेले असतील, तर आग त्यांच्या आत सहसा शिरत नाही. कडांचा कोळसा होतो आणि मधल्या घड्या शाबूत राहतात. मात्र धूर आणि बंबाचे पाणी यांमुळे त्या शाबूत घड्याही विकण्याजोग्या उरत नाहीत. आम्ही भिंतीलगतच्या चवडी एकेक करून उतरवल्या आणि करपलेल्या घड्यांच्या कडा बोटाने मोजत साड्यांची संख्या लिहीत गेलो. पॉलिस्टर वितळून काळे, टणक खडे झाले होते. एका कपाटातून जळक्या केसांसारखा उग्र वास येत होता, त्यावरून तिथे रेशमी माल होता हे कळले आणि खरेदीच्या बिलांशी ते जुळलेही. या मोजणीला दीड दिवस लागला. दुकानदार, ज्यांना सगळा बाजार नाना म्हणतो, ते पूर्ण वेळ उंबऱ्यावर बसून होते.

आग मीटरजवळच्या स्विचबोर्डातून सुरू झाली होती. ‘शॉर्टसर्किट असेल तर विमा मिळत नाही’, असे कुणीतरी नानांच्या मनात भरवले होते. तशी अट पॉलिसीत असते, पण ती शॉर्टसर्किट झालेल्या उपकरणापुरतीच. तो बोर्ड देय नव्हता. त्यातून पसरलेल्या आगीने जळालेला माल देय होता. हे ऐकल्यावर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाण्याचा ग्लास हातात घेतला.

खरी अडचण पुढे होती. दुकानावर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी होती. मालमत्तेचे एकूण मूल्य 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी ती 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली आहे. मालाची विमा रक्कम 20 लाख होती. ती कुठून आली, असे विचारल्यावर नाना म्हणाले, “साहेब, ते बँकेनेच केलं. सीसीची लिमिट वीस लाखांची आहे, म्हणून पॉलिसीही वीसची. कागद माझ्याकडं कधी आलाच नाही.” बँक आपल्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, कर्जापुरता विमा उतरवते, हप्ता दुकानदाराच्या खात्यातून जातो आणि दुकानात प्रत्यक्ष माल किती आहे हे कुणी विचारत नाही. माझ्या आजवरच्या कामात हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची चीड येते.

हिशेबाची वही जळाली होती, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा सीएकडे सुरक्षित होता. आधीच्या वर्षीच्या 31 मार्चचा शिल्लक माल, त्यानंतरची खरेदी, जीएसटी विवरणपत्रांतील विक्री आणि पुरवठादारांचे खातेउतारे जुळवून पाहिल्यावर आगीच्या दिवशी दुकानात खरेदी किमतीने 32 लाखांचा माल होता, असे निघाले. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या विवरणात, मात्र 38 लाख लिहिले होते. “तो आकडा लिमिट टिकवण्यासाठी फुगवलेला असतो,” असे मुलाने खाली मान घालून सांगितले. बँकेसाठी फुगवलेला आकडा आगीनंतर दुकानदाराच्याच मुळावर येतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

जळालेला माल 16 लाख 80 हजारांचा होता. उरलेल्या ओल्या, करपट कापडाचे साल्व्हेज, म्हणजे भंगार म्हणून येणारी किंमत, 80 हजार धरले. निव्वळ नुकसान 16 लाख. पॉलिसी 20 लाखांची आणि नुकसान 16 लाखांचे, तेव्हा पूर्ण रक्कम मिळणार, असा घरातल्या सगळ्यांचा समज होता. परंतु मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी असेल, तर तेवढ्या प्रमाणात नुकसान दुकानदारानेच सोसायचे, ही अ‍ॅव्हरेजची अट आहे. 32 लाखांच्या मालावर 20 लाखांचा विमा, म्हणजे रुपयाला साडेबासष्ट पैसे. म्हणून 16 लाखांचे 10 लाख झाले आणि त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट निघाली. बँकेचा 38 लाखांचा आकडा धरला असता, तर हीच रक्कम सुमारे 8 लाख 42 हजारांवर आली असती. या पॉलिसीत विमा मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असेल, तर ती तूट माफ असते. विमा 27 लाख 20 हजारांचा असता, तरी पूर्ण 16 लाख देय ठरले असते. लग्नसराईचा माल भरताना विमा रक्कम वाढवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी दुरुस्ती, घेतली असती, तर वाढीव हप्ता फार तर काही हजारांचा झाला असता. हे आकडे मी नानांसमोर कागदावर मांडले, तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

मागच्या बोळातली एक खोली त्यांनी आठ महिन्यांपूर्वी जादा मालासाठी भाड्याने घेतली होती आणि झरोक्यातून शिरलेल्या आगीने तिथलाही 4 लाखांचा माल गेला होता. एजंटला तोंडी सांगितले होते, लेखी काही नव्हते. खोलीला दुकानातून दार असते, तर ती त्याच जागेचा भाग आहे असे म्हणायला वाव होता. पण दार बोळात उघडत होते, नगरपालिकेचा क्रमांक वेगळा होता आणि पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता होता. त्या मालाचे मूल्यमापन मी स्वतंत्र दाखवले, परंतु देय रकमेत धरू शकलो नाही. जळालेल्या मालावर आधी घेतलेले जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कायद्याने परत करावे लागते, हा बोजा वेगळाच होता.

अहवालाची प्रत त्यांच्या हाती देताना मी स्पष्ट सांगितले की माझा अहवाल हा शेवटचा शब्द नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच म्हटले आहे. कंपनीचा निर्णय पटला नाही, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. कंपनीने अहवालाप्रमाणेच क्लेम मंजूर केला आणि पॉलिसीवर बँकेचे नाव असल्यामुळे रक्कम थेट सीसी खात्यात जमा झाली.

त्याआधी, माझ्या दुसऱ्या भेटीत, दोन बायका पिको-फॉलच्या पावत्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या साड्या दुकानातच जळाल्या होत्या. गिऱ्हाइकांचा माल पॉलिसीत वेगळा नमूद केलेला नसेल, तर तो देय नसतो, आणि हे सांगायला मी तोंड उघडणार तोच नानांनी पावत्या हातात घेतल्या, किमती वाचल्या आणि मुलाला म्हणाले, “समोरच्या दुकानातून यांना हव्या त्या साड्या घेऊन दे. माझ्या नावावर लिहायला सांग.”