पहाटे पाच दहाचं ऊन

सोमवारी मी कामावर पोचेपर्यंत तो मेल चार जणांकडून फिरून माझ्या नावावर येऊन पडला होता. थंड मालाच्या कंटेनरवर ट्रॅकर लावतात, त्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. स्पेनच्या विगो बंदरात उभ्या असलेल्या एका कंटेनरचं दार जुलैतल्या एका दिवशी 'स्थानिक वेळ ०५:१०' ला उघडलं, असं आमचा रिपोर्ट म्हणत होता. यार्डाचं काम आठला सुरू होतं. त्याआधी तिथे फक्त रात्रपाळीचा पहारेकरी. त्याला घरी बसवून चौकशी लावली होती आणि वेळेचा आकडा बरोबर आहे एवढंच आम्ही लिहून द्यायचं होतं.

मी लिहून देणारच होतो. ट्रॅकरचं घड्याळ उपग्रहाकडून जुळतं, ते चुकत नाही. पण मेलच्या अगदी तळाशी पहारेकऱ्याचं म्हणणं कुणीतरी जोडलं होतं: पाच वाजता आमच्याकडे मिट्ट काळोख असतो, मग तुमच्या यंत्राला ऊन कुठून दिसलं?

दार उघडल्याचं आमचं यंत्र आतल्या प्रकाशावरून ओळखतं. नोंद उघडून पाहिली. प्रकाशाचा आकडा हातातल्या बॅटरीचा नव्हता की दिव्याचा नव्हता. चक्क दिवसाचा होता.

मूळ नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचला शून्य धरणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत होती, ०६:१०. तिची स्थानिक वेळ करणारी ओळ शोधली: रेखांश भागिले १५, जवळचा पूर्णांक घ्या, तेवढे तास मिळवा. खाली नाव माझंच. सहा वर्षांपूर्वीचं.

ती ओळ मी उगाच लिहिली नव्हती. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि दर अंशाला ४ मिनिटं. तेव्हा आमचे ट्रॅकर फक्त भर समुद्रातल्या जहाजांवर होते, आणि खुल्या समुद्रातले टाइम झोन खरोखरच असे आखलेत: १५ च्या पटीतलं प्रत्येक रेखावृत्त मध्ये धरायचं आणि दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात अंश. पुढे ट्रॅकर जमिनीवर आले, ओळ तशीच राहिली. चाचणीला मी टोकियो, डर्बन आणि सांतोस घेतली होती. तिन्ही ठिकाणी उत्तर बिनचूक. नशीब म्हणा किंवा दुर्दैव.

विगो ८.७ अंश पश्चिमेला आहे. साडेसातची रेघ ओलांडली, म्हणून सूत्राने त्याला यूटीसी उणे एक दिलं. स्पेनचं उन्हाळ्यातलं घड्याळ आहे यूटीसी अधिक दोन. तीन तासांचा फरक. दार उघडलं होतं ०८:१० ला, यार्ड सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी.

मला जास्त छळलं ते पुढच्या हिशेबाने. विगोच्या रेखांशावरची सूर्याची सरासरी वेळ काढली, ती आली ०५:३५. म्हणजे सूर्याला विचारलं असतं तर त्याने माझीच बाजू घेतली असती! स्पेनचा बहुतेक भाग ग्रीनिचच्या पश्चिमेला, पण १९४० साली त्यांनी घड्याळ तासभर पुढे नेलं आणि ग्रीनिचची वेळ पुन्हा काही स्वीकारली नाही. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. खाली पोर्तुगालमधलं पोर्तो जवळपास त्याच रेखावृत्तावर आहे, तरी तिथलं घड्याळ विगोच्या एक तास मागे. रेखावृत्त तेच, मधल्या सरहद्दीने तास बदलला.

पहारेकऱ्याबद्दलचं पत्र आधी पाठवलं, चूक आमची असं स्पष्ट लिहून. वरिष्ठांना 'तांत्रिक विसंगती' हा शब्द हवा होता. मी तो घातला नाही.

मग जुन्या नोंदी उपसल्या. चीनमधलं काशगर ७६ अंश पूर्वेला. सूत्र म्हणतं अधिक पाच, पण सगळ्या चीनला एकच वेळ, अधिक आठ. तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा सरकारी घड्याळात जवळपास तीन वाजतात. काठमांडूला पंधरा मिनिटांची चूक, कारण नेपाळ ८६ अंश १५ मिनिटांचं रेखावृत्त धरून पावणेसहा तास पुढे चालतं. सगळ्यात बेरकी निघालं किरिबाटीचं ख्रिसमस बेट. सूत्राने उणे दहा दिलं, खरी वेळ १९९५पासून अधिक चौदा. तास-मिनिटं तंतोतंत बरोबर, तारीख मात्र एक दिवस मागे. अशी चूक नजरेने कोण पकडणार?

पहिला उपाय म्हणून देशावरून वेळ ठरवून पाहिली. कॅनरी बेटांनी तो तासाभरात हाणून पाडला. देश स्पेन, घड्याळ एक तास मागे. शेवटी झोनच्या सीमांचा नकाशा आणि जगभर वापरतात तो टाइम झोन डेटाबेस असं दोन्ही जोडलं. त्यात 'युरोप/माद्रिद' अशा नावाखाली कोणत्या तारखेपासून कोणता नियम होता ते सगळं आहे. ते लागतंच. सामोआने २०११ सालचा ३० डिसेंबर कॅलेंडरमधून गाळून टाकला. बेट जागचं हललं नव्हतं.

माझी जुनी ओळ मी पुसली नाही. ती आता किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडेच चालते. जहाजावरचं घड्याळ कप्तान ठरवेल तसं, ते वेगळंच.

गेल्या उन्हाळ्यात टेस्टिंगला आलेल्या नव्या मुलीने बग नोंदवला: विगोहून निघालेलं जहाज बारा मैल ओलांडताच रिपोर्टमधली वेळ तीन तास मागे उडी मारते. मी तिला खुर्ची ओढायला सांगितली आणि नकाशा उघडला.