पावणेचारशे किलो आणि एकतीस अंश

हार्ले-डेव्हिडसन रोड ग्लाइड ही बॅगर, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना बॅगा असलेली लांब पल्ल्याची जड मोटरसायकल. तिच्या वजनाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: सुमारे 380 किलो. त्याच माहितीपत्रकात खाली आणखी एक आकडा छापलेला असतो. गाडी किती अंश कलली की तिचा एखादा भाग रस्त्याला घासायला लागतो, तो. रोड ग्लाइड असो की ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीची चॅलेंजर, हा आकडा 31-32 च्या आसपास येतो. वळणावर या गाड्या अशा का वागतात, याचं निम्म्याहून जास्त उत्तर वजनात नाही, या कोनात आहे.

30 मीटर त्रिज्येचं वळण घ्या. घाटात असली वळणं पावलोपावली भेटतात. 31 अंशांचा कल म्हणजे कागदावर साधारण 0.6 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट), म्हणजे ताशी 48 किलोमीटर. 50 अंश झोपणारी स्पोर्ट्‌सबाइक तेच वळण 67 ने घेईल. पण 48 सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. मागचा टायर 180 मिलिमीटर रुंद. गाडी कलते तसा टायर जिथे टेकतो तो बिंदू आतल्या बाजूला सरकतो, आणि या गाड्यांचा गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे त्या सरकण्याची किंमत जास्त मोजावी लागते. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरला तर 31 अंशांतले पाचेक अंश टायरच्या रुंदीतच जातात. उरतात 42-43 किलोमीटर. ‘गुरुत्वमध्य खाली म्हणजे वळणावर उत्तम’ हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकू येतं. सिग्नलला पाय टेकवताना ते शंभर टक्के खरं आहे. वळणात नाही.

आधी घासतो फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची फळी. त्याला बिजागरी असते, तो वर दुमडतो, ठिणग्या उडतात, आवाज होतो. ही सूचना समजा. धोका त्याच्या पुढे आहे. उजवीकडे सायलेन्सरची नळी, डावीकडे साइड स्टँड आणि त्याचं ब्रॅकेट, हे भाग दुमडत नाहीत. ते टेकले की गाडीचं वजन त्यांच्यावर जातं, टायर हलका होतो आणि मागचं चाक सरकतं. फूटबोर्ड घासायला लागल्यावर आणखी कलवायचं नाही, खांदा आत टाकायचा.

इथे आपल्याकडचा एक फरक लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथे आवळलेली वळणं उजवी आणि घासते सायलेन्सरची बाजू. आपण डावीकडून जातो. आपल्याला आतली, आखूड आणि चढाची वळणं डावी मिळतात, म्हणजे आपली बाजू साइड स्टँडची. वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात डाव्या हेअरपिनला रस्त्याची आतली कड जास्त उभी असते, तिथे गाडीचं पोट आणखी लवकर टेकतं. आत चिकटून शिरण्यापेक्षा आपल्या लेनच्या बाहेरच्या बाजूने, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग आधीच कमी करून शिरलेलं बरं.

कलायची जागा वाढवायचा बिनपैशाचा उपाय म्हणजे मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. 2023 पर्यंतच्या रोड ग्लाइडच्या मागच्या चाकाचा वर-खाली होण्याचा प्रवास जेमतेम 54 मिलिमीटर होता. 2024 च्या मॉडेलला तो 76 झाला, आणि हा बदल नव्या दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. चॅलेंजरला पहिल्यापासून 114. चालक बसल्यावर गाडी एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश खाली बसायला हवी, म्हणजे 54 ला 18, 76 ला 25, 114 ला 35-38 मिलिमीटर. मोजायला दोन माणसं आणि एक टेप लागतो: मागचं चाक पूर्ण लोंबकळत असताना आसापासून फेंडरवरच्या एका खुणेपर्यंत मोजायचं, मग चालकाला सगळ्या कपड्यांनिशी, हेल्मेटसकट बसवून पुन्हा मोजायचं. मागे माणूस आणि बॅगांत सामान घेऊन तोच प्रीलोड ठेवला की गाडी नुसती उभी असतानाच पाऊण प्रवास संपवून बसते. त्यात 31 अंशांवर टायरवरचा भार कागदावर 17 टक्के वाढतो आणि वळणात खड्डा आला तर शॉक तळाला टेकतो. ‘गाडी वळणात उडते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

अंग बाहेर काढण्याचा फायदाही मोजून बघा. 80 किलोचा माणूस 20 सेंटिमीटर आत सरकला तर 380 किलोच्या गाडीवर एकत्रित गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर सरकतो. अर्धा मीटर उंचीला हे साधारण 4 अंश. 31 मधले 4! रस्त्यावर ढुंगण सीटवरून पूर्ण उतरवायची गरज नाही. आतला खांदा आरशाकडे न्या, बाहेरचा गुडघा टाकीला दाबून ठेवा, तेवढ्यात अर्धं काम होतं.

आता हँडल. हार्लेच्या टूरिंग गाड्यांचा रेक (हँडलच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल) 26 अंश, ट्रेल (त्या दांड्याची रेषा रस्त्याला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) 170 मिलिमीटर आणि व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) 1625. चॅलेंजरचा रेक 25, ट्रेल 150, व्हीलबेस 1668. स्पोर्ट्‌सबाइकचा ट्रेल 100 च्या आसपास असतो. जास्त ट्रेलमुळे गाडी महामार्गावर रुळावरून चालल्यासारखी जाते, आणि त्याच कारणाने वळायला वेळ घेते. शिवाय रुंद फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कवच) आणि दोन बॅगा हे सगळं वजन मध्यरेषेपासून दूर, त्यामुळे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर यायला गाडी आळस करते. उपाय ताकदीचा नाही, वेळेचा. डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं, एकाच दमात, आणि थोडं आधी. टप्प्याटप्प्याने ढकललं की गाडी वळणाच्या बाहेर जाते. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर 130 चा पुढचा टायर गाडीला सरळ उभी करतो आणि ती बाहेरच्या कडेला निघते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र ही गाडी ज्यांना स्पोर्ट्‌सबाइकची सवय आहे त्यांना चकवते. 0.8 जी ने ब्रेक मारला की स्पोर्ट्‌सबाइकचं जवळजवळ 90 टक्के वजन पुढच्या चाकावर जातं, मागचा ब्रेक नावालाच उरतो. लांब आणि ठेंगण्या बॅगरचं त्याच ब्रेकला 70 टक्केच पुढे जातं. मागच्या चाकावर 30 टक्के म्हणजे सव्वाशे किलोहून जास्त भार राहतो. तो ब्रेक न वापरणं म्हणजे हातातलं सोडून देणं. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत. ताशी 100 वरून थांबताना चालकासह 177 किलोज्यूल ऊर्जा डिस्कवर उतरते, 200 किलोच्या गाडीला 108. लांब उतारावर डिस्क निळ्या पडतात त्या यामुळे. उतरताना इंजिनला धरू द्या. मोठ्या व्ही-ट्विनचं (व्ही आकारात दोन सिलिंडर) इंजिन ब्रेकिंग भरपूर असतं, फक्त एका वेळी एकच गिअर खाली. ओल्या रस्त्यावर दोन गिअर एकदम उतरवले की स्लिपर क्लच (अशा वेळी थोडा घसरून झटका कमी करणारा) असूनही मागचं चाक उड्या मारतं.

पायी चालण्याच्या वेगात उलट. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लागलं की गाडी पडली. हाफ क्लच, मागचा ब्रेक, थोडी रेस, आणि नजर जिथे जायचं तिथे. एवढंच.

डुलण्याबद्दल थोडं सविस्तर. पुढचं चाक वेगाने थरथरतं, सेकंदाला सहा ते दहा वेळा, ते वेगळं. आणि सगळी गाडी कमरेतून हलल्यासारखी सेकंदाला दोन-चार वेळा डुलते, ते वेगळं. दुसरं जास्त वेगात, मोठ्या वळणात आणि मागे सामान असताना येतं. हार्लेच्या टूरिंग गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स रबरांवर टांगलेले असतात आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) आस गिअरबॉक्सच्या कवचातून जातो. म्हणजे मागचं चाक आणि चॅसी यांच्यामध्ये रबर आहे. 45 अंशांच्या, दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेल्या इंजिनाची थरथर हाताला जाणवू नये म्हणून केलेली ही सोय. रबर फाटलं, तेलाने फुगलं, की मागचं चाक स्वतःच्या मर्जीने वळतं. 2009 मध्ये कंपनीने चॅसी बदलली तेव्हापासून हा त्रास बराच कमी आहे.

तपासायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. आधी टायरची हवा, थंड असताना पुढे 36 आणि मागे 40 पीएसआय. मग पुढच्या टायरवर हात फिरवा, कपासारखे खड्डे पडले असतील तर टायर गेला. मग सामान: वरच्या पेटीतलं जड सामान खालच्या बॅगांत, पुढच्या टोकाला. मग पुढचं चाक उचलून हँडल एका बाजूला हलकेच सोडा. ते लंबकासारखं दोन-चार झोके घेऊन थांबलं पाहिजे. झोके जास्त म्हणजे स्टेअरिंग बेअरिंग ढिलं, मधोमध अडकलं तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेत. शेवटी मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मच्या बुश आणि रबरं तिथे कळतात. आधी स्टेअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा दांडा) बसवणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं. डुलायला लागलीच तर हात सैल, छाती टाकीकडे, रेस हळूच कमी. ब्रेक नाही.

ट्रॅकवर या गाड्यांचं काय होतं ते बघायचं तर अमेरिकेतल्या मोटोअमेरिका या रेसिंग संघटनेची ‘किंग ऑफ द बॅगर्स’ शर्यत बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगूना सेका ट्रॅकवर पहिल्यांदा झाली, टायलर ओ’हारा इंडियन चॅलेंजरवर जिंकला. 2021 ला मालिका झाली तेव्हा विजेतेपद हार्लेवरच्या काइल वायमनने नेलं. सुरुवातीला लोक हसले. मग ओव्हरटेक बघून गप्प बसले. नियमाने किमान वजन 620 पौंड, म्हणजे 281 किलो. बॅगा आणि फेअरिंग सक्तीचं.

वजन शंभर किलो कमी झालं हे खरंच. पण त्या गाड्यांवर आधी काय बदलतं ते बघा. फूटबोर्ड जातात, उंच आणि मागे सरकवलेल्या फूटपेग येतात. मागे लांब शॉक, पुढे लांब फोर्क. सायलेन्सर वर. बॅगा कार्बन फायबरच्या, उचलून आत घेतलेल्या. सतरा इंची चाकं, खाचा नसलेले स्लिक टायर. सगळा खटाटोप गाडीचं पोट जमिनीपासून वर नेण्याचा. गुरुत्वमध्य मुद्दाम उंच केला जातो. लगूना सेकाच्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणात रस्ता डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळत 18 मीटर खाली कोसळतो. तिथे कुशी बदलायला रुंद हँडलचा तरफेसारखा उपयोग होतो, आणि हलक्या बॅगांचा खरा फायदा कळतो.

रस्त्यावरची गाडी जशीच्या तशी ट्रॅक डेला न्यायची तर बॅगा काढा, प्रीलोड जवळजवळ शेवटपर्यंत वाढवा, आणि स्पोर्ट्‌सबाइकवाल्यांचं ऐकून हवा 30 पर्यंत उतरवू नका. एवढ्या वजनाखाली टायरची भिंत लवते, कडा तापून सोलतात. टायर थंड असतानाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी करून सुरुवात करा आणि गरम असताना मोजा. चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचा लिव्हर हाताकडे यायला लागला की एक फेरी ब्रेक न लावता थंड करा. जुनं ब्रेक ऑइल घेऊन तर जाऊच नका.

रस्त्यासाठी लांब शॉक घ्यायचा विचार असेल तर एक इंच पुरे. तेवढ्याने रेक पाऊण ते एक अंश कमी होतो, ट्रेल घटतो, गाडी वळायला चटपटीत होते आणि दोन्ही बाजूंना कलायला जागा मिळते. सीटही वर जाते, तेव्हा पाय पुरतात का ते आधी बघा. साइड स्टँड मात्र तेवढाच राहतो. गाडी त्याच्यावर जास्त कलते, आणि डांबर मऊ झालेल्या दुपारी स्टँड आत रुतला की 380 किलो उचलायला दोघं-तिघं शोधावे लागतात. स्टँडखाली ठेवायला एक पत्र्याचा चौकोनी तुकडा बॅगेत टाका.